दुदुस्करांचा मसावि

सातवी ब ला मसावि शिकवणं हे अश्लेषा दुदुस्करचं वर्षातलं सगळ्यात आवडतं काम. बाकीचं गणित मुलं यंत्राला विचारून यायची आणि बाईंनाच उलट शिकवायची. मसाविचा भागाकार मात्र ती हातानं करायला लावी. मोठ्या संख्येला लहान संख्येनं भागा, जी बाकी उरेल तिनं आधीच्या भाजकाला भागा, पुन्हा बाकी, पुन्हा भाग. बाकी शून्य आली की शेवटचा भाजक तो मसावि. "याला डोकं लागत नाही," ती म्हणायची, "फक्त कंटाळा करायचा नाही. भांडी घासण्यासारखंच आहे."

धड्याच्या शेवटी तिची एक ठरलेली गंमत असे. सहीकार्डाचे दोन आकडे पडद्यावर घ्यायचे, एक तिचा आणि एक मुख्याध्यापकांचा. प्रत्येकी सहाशे सतरा अंकी, अख्खा पडदा भरून जाई. मुलं म्हणत, बाई, याचा मसावि काढायला जन्म जाईल. मग ती कळ दाबी आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येई : एक. "म्हणजे या संख्या सहमूळ. एवढ्या थोरल्या दोघी, पण एकाशिवाय त्यांच्यात काही म्हणजे काही सामाईक नाही."

यंदा मुख्याध्यापक नवे होते आणि त्यांना आपला आकडा मुलांपुढे नको होता. आकडे सगळ्या जगाला खुले असतात, त्यात लपवण्यासारखं काही नसतं, हे त्यांना कोण सांगणार? अश्लेषानं दुसरं नाव टाकायला बोटं उचलली आणि बोटांनी सवयीचं नाव टाकलं. रणधीर शंकर दुदुस्कर. वर्ग एकदम गप्प झाला. त्या तालुक्यात ते नाव माहीत नसलेलं मूल नव्हतं.

"काही नाही, आकडाच आहे," ती म्हणाली आणि तिनं कळ दाबली.

उत्तर एक आलं नाही. पडद्यावर ओळीमागून ओळ अंकच अंक आले. मुलं हसायला लागली. "बाई, चुकलं!" तिनं पुन्हा कळ दाबली. पुन्हा तेच. तिनं अंक मोजले, तीनशे नऊ होते. तास संपायला बारा मिनिटं उरली होती. त्या बारा मिनिटांत बाईंनी काय शिकवलं ते मुलांना आठवत नाही आणि बाईंनाही आठवत नाही.

*

सहीकार्ड येऊन सहा वर्षं झाली होती. कागदावरची सही गेली, अंगठा गेला, शिक्के गेले. सातबारा, लग्न, शाळेचा दाखला, धरणाचे दरवाजे उघडायचा आदेश, सगळं कार्डावर. त्यामागची युक्ती साधी होती. यंत्र प्रत्येकासाठी दोन प्रचंड मूळ संख्या शोधतं आणि त्यांचा गुणाकार करतं. गुणाकार जाहीर करतं आणि त्या दोन संख्या कार्डाच्या पोटात लपवून ठेवतं. पंधराला तीन आणि पाचात फोडणं सोपं असतं. सहाशे अंकी संख्या कशी फोडायची हे मात्र सगळ्या जगातली यंत्रं एकत्र बसली तरी त्यांना सापडत नाही. ज्याला आतल्या दोन संख्या ठाऊक, तोच सही करू शकतो. म्हणून ही सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कायद्यानंही तसंच म्हटलं होतं : कार्डाची सही नाकारता येणार नाही.

पण दोन माणसांच्या आकड्यांत आतली एक मूळ संख्या तीच असेल तर? मग फोडाफोडी करायलाच नको. दोन्ही जाहीर आकडे घ्यायचे, सातवीचा भागाकार करायचा, मसावि म्हणून ती लपलेली संख्या आपण होऊन बाहेर येते. तिनं भागलं की दुसरीही हातात. मग त्या दोघांच्या नावानं हवी तेवढी सही करा. ती खऱ्या सहीहून एका अंकानंही वेगळी नसते.

ही गोष्ट घडणं जवळजवळ अशक्य असतं. एवढ्या मोठ्या मूळ संख्या इतक्या आहेत, की प्रत्येक माणसाला रोज लाख लाख वाटल्या तरी दोघांना एकच यायची नाही. पण त्यासाठी निवड बेभरवशाची, फासे टाकल्यासारखी व्हायला हवी.

अश्लेषानं घरी येऊन कार्डवाटप शिबिराचा जुना फोटो शोधून काढला. तिच्याच शाळेचं सभागृह, अक्षय्यतृतीया. मुळात साडेतीन मुहूर्तांतला दिवस, त्यात पुन्हा मिनिट शोधायची गरज नसते. पण शिबिराच्या अध्यक्षांनी भटजींना विचारून दहा बेचाळीस काढलं होतं. यंत्रांच्या खोक्यावर स्वच्छ लिहिलं होतं, की आदल्या दिवशी चालू करून चोवीस तास ठेवावीत. नवं यंत्र खोलीतला आवाज, उष्णता, लोकांचे स्पर्श यांतून हळूहळू आपली बेभरवशाची पुंजी जमवतं. ती नसेल तर त्याच्याकडे फक्त घड्याळ. आणि मुहूर्ताआधी यंत्र चालू करायचं कोण? हळदीकुंकू वाहिलेली बारा यंत्रं ओळीनं मांडली, नारळ फुटला आणि अध्यक्षांनी एकच बटण दाबून बाराही यंत्रं एका क्षणी सुरू केली. घड्याळात सगळीकडे दहा बेचाळीस. बारांनी पहिली मूळ संख्या तीच उचलली. मग माणसांनी बोटं टेकवली आणि दुसरी संख्या प्रत्येकाची वेगळी झाली.

पहिला मान जोडप्यांना होता. पूजेला बसवतात तशी सहा जोडपी यंत्रांपुढे बसवली होती. तिसरं जोडपं दुदुस्करांचं. फोटोत रणधीरच्या कपाळावर गंध होतं आणि अश्लेषाच्या हातात माईक, कारण त्या दिवशी सहीकार्डावर भाषणही तिचंच होतं.

तिनं बाराही जणांचे आकडे काढून एकमेकांत भागले. प्रत्येक वेळी तीच तीनशे नऊ अंकी संख्या निघाली. ती उठून मोरीत गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली. नळ बंद केला तरी दोनदा पिळला. ही सवय तिची नव्हती, रणधीरची होती. गेली दोन वर्षं ते घरातला प्रत्येक नळ दोनदा पिळत.

*

आंबेघोळ धरणावर रणधीर दुदुस्कर दरवाजांचे प्रमुख होते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, दुपारी एक वाजून चार मिनिटांनी दोन दरवाजे अर्धा मीटर उचलण्याचा आदेश आला. सही रणधीरची. भोंगा वाजला नाही. रणधीर त्या वेळी धरणाच्या पोटातल्या बोगद्यात गळती मोजत होते. आवाज ऐकून धावत वर आले आणि त्यांनी दरवाजे खाली उतरवून बंद केले, तोवर एकोणीस मिनिटं गेली होती. खाली नदीच्या पात्रात यसबा भोयाची कलिंगडाची वाडी होती. यसबा टेम्पो आणायला रस्त्यावर गेला होता. वाडीत त्याचा मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात कलिंगडं तोडत होती. तिघं वाहून गेली.

रणधीर एकच सांगत राहिले, "मी ती सही केली नाही." बोगद्यात त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

खटल्यात अश्लेषाला चांगल्या वर्तणुकीची साक्ष द्यायला बोलावलं होतं. सरकारी वकिलानं वर्तणुकीबद्दल काही विचारलंच नाही. त्यानं विचारलं, "बाई, सहीकार्डावर गावाला भाषण तुम्ही दिलंत ना? मग सांगा. ही सही दुसरा कोणी करू शकतो?"

ती समोर उभ्या नवऱ्याकडे बघत होती. पण उत्तर द्यायच्या आधी तिनं नजर खाली घेतली, कारण गणिताचं उत्तर माणसाचं तोंड बघून द्यायचं नसतं अशी तिची शिस्त.

"नाही," ती म्हणाली. "अशक्य आहे."

सात वर्षांची शिक्षा झाली. अपील केलं म्हणून जामिनावर रणधीर घरी होते. दोन वर्षांत अश्लेषानं त्यांना एकदाही "तुम्ही केलंत" म्हटलं नव्हतं. "तुम्ही केलं नाहीत" असंही म्हटलं नव्हतं. ते रोज सकाळी डबा घेऊन वाचनालयात जात आणि उन्हानं रापून परत येत. वाचनालयात ऊन कुठून येतं, हे तिनं कधी विचारलं नाही.

*

उपळेकर वकिलांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोनदा चष्मा पुसला.

"म्हणजे साहेबांची सही कोणीही करू शकत होतं?"

"त्या बारांपैकी कुठलेही दोन आकडे घेऊन सातवीचं गणित करणारा कोणीही. जगात कुठंही बसून."

"कशासाठी करेल?"

"ते गणितात येत नाही. कुणाला पाणी हवं असेल, कुणाचं वैर असेल, कुणी नुसतंच करून पाहिलं असेल."

"बरं. या बारा जणांत असं गणित येतं कुणाला?"

"मला."

"सरकारी वकील हे पहिल्या पाच मिनिटांत विचारणार."

"विचारू दे," अश्लेषा म्हणाली. "मला धरायचं तर धरू दे. ते सुटले पाहिजेत. दोन वर्षं मी त्यांना जेवायला वाढलं, वकीलसाहेब, पण घास घेताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला ते फेडायचंय."

 वकिलांनी पडदा तिच्याकडे फिरवला. "ताई, हे वरातीमागून घोडं झालं. अपील आहे कुठं? साहेबांनी गेल्या महिन्यात मागं घेतलं. सोबत कबुलीजबाब. 'ती सही माझीच असली पाहिजे.' मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

खाली सही होती. साक्षीदार म्हणून एक नाव होतं : यसबा राणू भोई. अश्लेषानं ते तीनदा वाचलं.

"पुन्हा अपील?"

"मागं घेतलेलं पुन्हा करता येत नाही. पंधरा तारखेला हजर व्हायचंय." उपळेकर पुढं झुकले. "एक वाट आहे. साहेबांनी म्हणायचं, ही माघारीची सही माझी नाही. तुमचा मसावि जोडतो. कोर्टाला मानावंच लागेल. अपील जिवंत."

"पण ही सही त्यांनीच केली असेल ना."

"तुमच्या गणितातून तसं कळतं का?"

"नाही. दोन्ही सह्या सारख्याच खऱ्या दिसतात."

"मग झालं तर."

*

माघ उतरत होता. पात्रातलं पाणी एका कडेला गेलं होतं आणि उरलेल्या वाळूत यसबाची वाडी होती. वाळूत हातभर खड्डे, खड्ड्यांत शेणखत, त्यातून कलिंगडाचे वेल नुकते बाहेर पडलेले. प्रत्येक खड्ड्याला हातानं पाणी घालावं लागतं. खांद्यावर कावड घेऊन, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून एक माणूस झऱ्याकडून येत होता. तो रणधीर आहे हे ओळखायला अश्लेषाला जवळ जावं लागलं.

यसबा खोपटाच्या सावलीत बसून होता. त्यानं तिला बघितलं आणि तो उठला नाही.

"या बाई. लई दिवसांनी वाट गावली."

"हे इथं कधीपासून येतात?"

"वरीस झालं. पयल्यांदा आलं तवा म्या दगडं मारली. दुसऱ्या दिशी पुन्ना आलं. म्हटलं, काय पायजे? तर म्हनलं, काम सांगा. म्या म्हटलं, आदी कबूल हो. गेल्या म्हैन्यात झालं कबूल." त्यानं वाळूत थुंकून टाकलं. "तवापासनं झोप लागती मला. ज्यानं मारली त्यो दिसतुया डोळ्यापुडं. पानी घालतुया. बरं वाटतं."

रणधीर कावड उतरवून आले. अश्लेषानं तिथंच, वाळूत उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. बारा यंत्रं, दहा बेचाळीस, मसावि. यसबाला कळावं म्हणून तिनं ते बारा कुलपांच्या एकाच किल्लीसारखं सांगितलं. रणधीर ऐकताना हळूहळू खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून तिला क्षणभर वाटलं, आपण जिंकलो.

"म्हणजे ती सही मी केली नव्हती?" त्यांनी विचारलं.

"तसं सिद्ध होत नाही. दुसरा कोणीही करू शकत होता, एवढं सिद्ध होतं."

"ते कोर्टासाठी झालं. तुला काय वाटतं? मी केली होती का?"

याचं उत्तर एका शब्दाचं होतं. पण बावीस वर्षं तिनं मुलांना शिकवलं होतं, की जे सिद्ध नाही ते लिहायचं नाही. म्हणून तिला एक श्वास जास्त लागला. "नव्हती केलीत," ती म्हणाली, पण तो श्वास रणधीरनं पाहिला होता.

ते हसले. रागानं नाही. "अश्लेषा, मी कबूल का झालो सांगू? मी बोगद्यात होतो असं मला पक्कं आठवत होतं. पण तू कोर्टात अशक्य म्हणालीस. तू उभ्या आयुष्यात चुकीचं उत्तर दिलेलं मी पाहिलं नव्हतं. रात्रंदिवस विचार केला. म्हटलं, ती म्हणते म्हणजे मीच केली असणार, माझंच डोकं फिरलं असेल. माझ्या आठवणीपेक्षा मी तुझ्यावर विश्वास ठेवला."

"मी चुकले. माझं चुकलं हो." ती रडत होती आणि यसबा आहे याची तिला पर्वा नव्हती. "आता फक्त एकदा म्हणा, माघारीची सही माझी नाही. फक्त एवढंच. कोर्ट ऐकेल."

"ती मीच केली. इथंच, या खोपटात बसून."

"ते कुणाला कळणार नाही!"

"खरं सांगत होतो तेव्हा कुणी ऐकलं नाही. तूसुद्धा. आता खोटं बोललो तर सगळे ऐकतील, असं म्हणतेस."

 यसबा उठला. एकदा रणधीरकडे, एकदा तिच्याकडे असं बघत राहिला. "बाई, मला अडान्याला एक सांगा. ह्यानं न्हाई, तर मंग कुनी मारली माझी मानसं?"

"माहीत नाही, बाबा."

"कवा कळंल?"

"कळणार नाही. सही सारखीच असते. कधीच कळणार नाही."

"मंग तुमी हिकडं आला कशाला?" यसबाचा आवाज फाटला. "माझं समदं गेलं. ह्यो एक गावला हुता, त्यो बी काडून न्यायला?" तो खाली बसला आणि वाळूवर हात आपटू लागला. रणधीरनं त्याला आवरलं, तेव्हा त्यानं त्यांचा हात झटकला नाही, घट्ट धरला. अश्लेषाकडे दोघांचीही पाठ होती.

थोड्या वेळानं रणधीर उठले. "ऊन चढायच्या आत पाणी घालायला हवं," म्हणाले आणि कावड उचलून झऱ्याकडे गेले. ती थांबली होती. वेलांच्या सगळ्या रांगा संपेपर्यंत थांबली. ते तिच्या बाजूच्या रांगेत आले नाहीत असं नाही, आले, पण खड्ड्याकडे बघत आले.

*

पंधरा तारखेला रणधीर हजर झाले. अश्लेषानं कोर्टाला आणि कार्डाच्या कचेरीला पत्रं लिहिली, बारा पानी, प्रत्येक पायरी मांडून. कोर्टानं कळवलं, की आरोपीची स्वतःची काही तक्रार नाही, तेव्हा प्रश्न उद्भवत नाही. कचेरीचं उत्तर चार ओळींचं होतं : आपण कळवलेली बाब नोंदवण्यात आली आहे. संबंधित बारा कार्डे बदलून देण्यात येत आहेत. यापूर्वी झालेल्या सह्यांच्या वैधतेवर याचा कोणताही परिणाम होणार नाही. आपल्या जागरूकतेबद्दल आभार.

नवी कार्डं घरीच आली, दोन पाकिटांत. रणधीरचं पाकीट तिनं न फोडता कपाटात ठेवलं. तुरुंगात भेटीला ती दर महिन्याला जाई. ते घरच्या नळांची चौकशी करत, ती यसबाच्या वाडीची खबर सांगे. पुढच्या हंगामात त्यानं वाडी लावलीच नाही. बोलणं अर्ध्या तासाच्या आधीच संपे.

पुढच्या वर्षीच्या सातवीला मसाविचा धडा आला. तिनं भागाकार हातानं करून घेतला, कंटाळा करायचा नाही म्हणाली. मग मुलांनीच आठवण करून दिली, "बाई, ते मोठे आकडे!" मोठ्या भावंडांकडून ऐकलं असावं.

तिनं आपलं नाव टाकलं. मग दुसरं नाव टाकलं. वर्ग गप्प झाला. पडदा अंकांनी भरून गेला, नवे आकडे, सहाशे सतरा आणि सहाशे सतरा. तिचं बोट कळीवर थांबलं. सगळं रीतसर झालं होतं, यंत्रं चोवीस तास चालू ठेवली होती, चूक व्हायला जागाच नव्हती. तरी ती वेड्यासारखी आशा करत होती की चूक असावी.

तिनं कळ दाबली.

"एक!" वर्ग ओरडला. मग पुढच्या बाकावरच्या मुलीनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "म्हणजे सहमूळ. एकाशिवाय त्यांच्यात काही म्हणजे काही सामाईक नाही."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "वहीत लिहून घ्या."